विंडोज एक्सपी, जुना मॅक, लिनक्स आणि मध्ये एकच प्रिंटर: प्रिंट का येत नाही ते कसं शोधायचं

वेगवेगळ्या वयाचे कॉम्प्युटर एकाच प्रिंटरला जोडायचे म्हटलं की प्रिंट आली नाही की बहुतेक लोक थेट ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकायला बसतात, मग परत, मग तिसऱ्यांदा, आणि दिवस संपतो. त्याआधी एकच गोष्ट ठरवून घ्या. तुमचा डेटा प्रिंटरपर्यंत पोचतच नाहीये, की पोचतोय पण प्रिंटरला तो कळत नाहीये? हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. कागदच बाहेर येत नसेल तर बहुधा पहिला, कागद येतोय पण त्यावर भलतंच काहीतरी छापलंय तर नक्की दुसरा. दुसऱ्या केसमध्ये केबल, राउटर, फायरवॉल यांना हात लावायची गरजच नाही, ते त्यांचं काम नीट करतायत.

सुरुवात प्रिंटरपासून करा, कॉम्प्युटरपासून नाही. जवळपास प्रत्येक नेटवर्क प्रिंटरवर एक बटण दाबून धरलं किंवा मेनूत गेलं की कॉन्फिगरेशन पेज छापून मिळतं, त्यावर आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून ॲड्रेस मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेऊन ठेवलाय, तेव्हा कॉम्प्युटरवर काहीही केलंत तरी उपयोग नाही, आधी केबल आणि राउटर बघा. ॲड्रेस बरोबर दिसतोय तर तो राउटरमध्ये त्या प्रिंटरच्या नावाने रिझर्व्ह करून टाका, कारण "काल चालत होतं आज बंद" यातल्या कितीतरी तक्रारी एवढ्याच असतात की लाइट गेली, राउटर परत चालू झाला आणि प्रिंटरला दुसराच नंबर मिळाला, आणि बिचारा एक्सपी अजून जुन्याच नंबरवर पाठवत बसलाय.

मग प्रत्येक कॉम्प्युटरवरून पिंग करा, म्हणजे कमांड विंडोतून प्रिंटर उत्तर देतो का ते बघा. नावाने नाही, आयपीने. विंडोज ९८ आणि एक्सपी नावं शोधतात नेटबायोसने, मॅक शोधतो बॉनजूरने, लिनक्सवर काय चालू आहे त्यावर अवलंबून, म्हणजे एकाला दिसणारं नाव दुसऱ्याला दिसेलच असं अजिबात नाही. जुन्या मशीनांच्या नेटवर्कमध्ये सगळीकडे आयपी टाकायचा, नावांच्या भानगडीत पडायचंच नाही.

पिंग लागत नाही आणि मधे वायफाय आहे तर दोन गोष्टी तपासा. एक, राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन नावाचं सेटिंग चालू असलं तर इंटरनेट सगळ्यांना मिळतं पण एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसत नाही. दोन, एक्सपीला डब्ल्यूपीए२ (वायफायची सिक्युरिटी) सरळ चालायला सर्व्हिस पॅक ३ हे मोठं अपडेट लागतं, त्याशिवाय तो सहसा नेटवर्कवर येत नाही. आणि त्याच्यासाठी म्हणून अख्ख्या राउटरची सिक्युरिटी खाली आणू नका, जुन्या मशीनला सरळ केबल लावा.

पिंग लागतंय पण प्रिंट नाही, तर आता पोर्ट. बहुतेक नेटवर्क प्रिंटर तीन दरवाजे उघडे ठेवतात: ९१०० म्हणजे रॉ किंवा जेटडायरेक्ट, ५१५ म्हणजे एलपीडी, ६३१ म्हणजे आयपीपी. तपासायला टेलनेट पुरेसं आहे. कमांड विंडोत टेलनेट, मग प्रिंटरचा आयपी, मग ९१००. एक्सपीत टेलनेट असतंच, विस्टापासून पुढे विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू करावं लागतं. स्क्रीन नुसती काळी झाली आणि कर्सर लुकलुकतोय म्हणजे दरवाजा उघडला, एवढंच बघायचं होतं, कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबून क्विट करा. कनेक्शन उघडत नाही असं आलं तर प्रिंटरमध्ये ते पोर्ट बंद आहे किंवा मधे फायरवॉल बसलाय. अजून एक, ९१०० वर प्रिंटर साधारणपणे एका वेळी एकाचंच ऐकतो, त्यामुळे एका मशीनची अर्धवट जॉब (छापायला पाठवलेलं काम) अडकली असेल तर बाकी सगळ्यांना तो बंद वाटतो. अशा वेळी आधी कोणाची जॉब अडकलीय ते शोधा.

आता मुख्य मुद्दा. प्रिंटरला स्वतःचा नेटवर्क पोर्ट असेल तर विंडोजचं शेअरिंग वापरूच नका. प्रत्येक कॉम्प्युटर थेट प्रिंटरशी जोडा. शेअरिंग एकेकाळी सोपं होतं कारण सगळे एकच एसएमबी (विंडोजची फाइल आणि प्रिंटर शेअर करायची भाषा) बोलायचे, आता तसं राहिलेलं नाही. एक्सपीला फक्त एसएमबी१ येतं. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ व्हर्जनपासून नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी१ पूर्ण येत नाही किंवा वापरलं नाही तर आपोआप निघून जातं, आणि सांबाने (लिनक्सवर एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर) २०१९ च्या ४.११ पासून ते डिफॉल्ट बंद केलंय. म्हणून एक्सपी आणि विंडोज १० एकमेकांच्या शेजारी बसूनही एकमेकांना दिसत नाहीत, आणि लोक वर्कग्रुपचं नाव बदलून बदलून थकतात. एसएमबी१ परत चालू करता येतं, पण वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून पसरला ते यातलंच, तेव्हा नुसत्या प्रिंटसाठी चालू करणं मला तरी पटत नाही.

थेट जोडायचं म्हणजे विंडोजमध्ये स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट करायचा. गंमत अशी की एक्सपीच्या विझार्डमध्ये प्रिंटर नेटवर्कवर असला तरी "लोकल प्रिंटर" निवडायचं असतं, आपोआप शोधायची टिक काढायची, आणि नवीन पोर्ट करून त्यात आयपी टाकायचा. नेटवर्क प्रिंटर निवडलंत तर तो दुसऱ्या कॉम्प्युटरवरचे शेअर शोधायला जातो आणि तुम्ही तिथेच अडकता. पोर्ट झाला की कॉन्फिगर पोर्टमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा: प्रोटोकॉल रॉ आणि नंबर ९१००, आणि एसएनएमपी स्टेटसची टिक काढून टाका. ही टिक म्हणजे डोकेदुखी आहे. विंडोज प्रिंटरला सारखं विचारत राहतं तू आहेस का, जुना प्रिंटर किंवा स्वस्तातला प्रिंट सर्व्हर (प्रिंटर नेटवर्कला जोडणारा डबा) त्याला नीट उत्तर देत नाही, आणि मग प्रिंटर समोर हिरवा दिवा लावून तयार बसलेला असताना स्क्रीनवर "ऑफलाइन". टिक काढली की बऱ्याचदा तिथल्या तिथे सुटतं. विंडोज ७ किंवा १० ने स्वतःहून डब्ल्यूएसडी नावाचा आपोआप शोधलेला पोर्ट करून ठेवला असेल तर तोही बदलून हाच घ्या.

९१०० चालत नसेल तर एलपीआर, म्हणजे ५१५ वर एलपीडीला पाठवायची पद्धत. इथे आयपीशिवाय क्यूचं, म्हणजे जॉबच्या रांगेचं नावही लागतं आणि ते चुकलं की जॉब चुपचाप गायब होते किंवा नुसतीच अडकून राहते. एचपीच्या जेटडायरेक्ट नेटवर्क कार्डांवर रॉ, टेक्स्ट, ऑटो अशी नावं असतात, बाहेरून लावायच्या प्रिंट सर्व्हर डब्यांवर प्रत्येक पोर्टला वेगळं नाव, ते त्याच्या कॉन्फिगरेशन पेजवर मिळतं. स्पेलिंग आणि कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं टाका. नाव बरोबर असूनही जॉब घेतली जात नसेल तर एलपीआर बाइट काउंटिंग चालू करून बघा, काही एलपीडींना जॉबची साइझ आधी कळावी लागते.

मॅकवर सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये प्रिंट अँड फॅक्स, अधिकचं चिन्ह, मग आयपीचा टॅब, आणि प्रोटोकॉलमध्ये एचपी जेटडायरेक्ट सॉकेट. नावात एचपी आहे म्हणून बाकीच्या कंपन्यांचे प्रिंटरवाले ते सोडून देतात, पण ते तेच ९१०० आहे, कुठल्याही प्रिंटरला चालतं. जुना लेझर प्रिंटर ॲपलटॉकवर (ॲपलची जुनी नेटवर्क पद्धत) असेल तर लक्षात ठेवा की मॅक ओएस एक्स १०.६ स्नो लेपर्डपासून, म्हणजे २००९ पासून, ॲपलने ॲपलटॉक काढून टाकलं, तेव्हा जुन्या १०.४ टायगरला दिसणारा प्रिंटर स्नो लेपर्डला दिसत नाही यात बिघाड काही नाही, आयपीने जोडा. मॅक ओएस ९ असेल तर डेस्कटॉप प्रिंटर युटिलिटीत एलपीआर प्रिंटर करता येतो, पण त्याचा लेझररायटर ८ ड्रायव्हर फक्त पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान समजावून सांगायची एक भाषा) पाठवतो, म्हणजे समोरच्याला पोस्टस्क्रिप्ट यायलाच हवं.

विंडोज ९८ मध्ये तो स्टँडर्ड पोर्ट मुळात नाहीच. प्रिंटर कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर मिळालं तर ठीक, नाहीतर एक्सपीला मध्यस्थ करा: एक्सपीने प्रिंटरला ९१०० ने पाठवायचं आणि तोच प्रिंटर ९८ साठी शेअर करायचा, दोघेही एसएमबी१ वाले असल्याने पटतं. शेअरचं नाव आठ अक्षरांच्या आत, मधे स्पेस नको. एक्सपीच्या फायरवॉलमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगला परवानगी द्या, सर्व्हिस पॅक २ पासून तो आपोआप चालू असतो. आणि ज्या अकाउंटला पासवर्डच नाही त्याने नेटवर्कवरून लॉगिन होत नाही हे विसरू नका, एक छोटा का होईना पासवर्ड ठेवा. एक्सपी होम किंवा सिंपल फाइल शेअरिंग असेल तर तो सगळ्यांना गेस्ट म्हणूनच घेतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

आता खरी अडचण तेव्हा येते जेव्हा प्रिंटर फक्त यूएसबीचा असतो आणि एका पीसीला लटकलेला असतो. दोन्हीकडे विंडोजच असेल आणि एक ३२ बिट, एक ६४ बिट, तर ड्रायव्हर तिकडून ओढून आणायचा विंडोजचा प्रयत्न फसतो. यावर जुनी युक्ती अशी की आपल्या मशीनवर "लोकल पोर्ट" नावाचा नवा पोर्ट करायचा आणि त्याचं नाव म्हणून दोन बॅकस्लॅश, त्या पीसीचा आयपी, एक बॅकस्लॅश आणि शेअरचं नाव टाकायचं, मग ड्रायव्हर आपला आपण निवडायचा. समोरचा पीसी फक्त पोस्टमनचं काम करतो. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर जो शेवटी ११बी असलेला एरर यायला लागला त्यातूनही बहुतेकदा याच वाटेने सुटका होते. रजिस्ट्रीत जाऊन त्या अपडेटने आणलेलं संरक्षण बंद करायचा उपायही सगळीकडे फिरतो, तो शेवटचा ठेवा.

विंडोज ७ च्या पीसीवरून मॅक किंवा लिनक्सला प्रिंटर द्यायचा असेल तर विंडोज फीचर्समध्ये एलपीडी प्रिंट सर्व्हिस चालू करा, क्यूचं नाव म्हणजे शेअरचंच नाव. इथे एक खास खोडी आहे. मॅक-लिनक्सकडून आलेली जॉब विंडोजचं एलपीडी कधीकधी साधा टेक्स्ट समजतं आणि मग पानंच्या पानं कोड छापला जातो. मॅक-लिनक्सवर त्या प्रिंटरच्या यूआरआयच्या (पत्त्याच्या) शेवटी प्रश्नचिन्ह, फॉरमॅट, बरोबरचं चिन्ह आणि स्मॉल एल एवढं जोडलं की ती जशीच्या तशी पुढे जाते.

पण इतक्या वेगवेगळ्या मशीन असतील तर माझं मत विचाराल तर मधे एक लिनक्स ठेवा, एखादा जुना लॅपटॉपही चालेल, आणि त्यावर कप्स हे प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर. प्रिंटर त्याला लावा, बाकी सगळे त्याला पाठवतील. मॅकमध्येही २००२ च्या मॅक ओएस एक्स १०.२ पासून कप्सच आहे त्यामुळे त्यांचं आपसात छान जमतं. एक्सपीतून जोडायला नेटवर्क प्रिंटर निवडून यूआरएलमध्ये एचटीटीपी, लिनक्सचा आयपी, कोलन ६३१, स्लॅश प्रिंटर्स स्लॅश क्यूचं नाव असं टाकायचं, एसएमबीचा संबंधच येत नाही. विंडोज १० वर इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट हे फीचर चालू आहे ना बघा. फॉरबिडन आलं तर कप्समध्ये शेअरिंग चालू नाही किंवा बाहेरच्या मशीनना परवानगी नाही, आयपीने चालतं पण नावाने गेलं की बॅड रिक्वेस्ट येतं तर कॉन्फिगमध्ये सर्व्हरअलायसची ओळ टाकायची राहिलीय.

आणि मग प्रश्न येतो की विंडोजवर ड्रायव्हर कुठला. इथेच सगळ्यात जास्त सोय आहे: प्रिंटरचा खरा ड्रायव्हर टाकूच नका, एखाद्या पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा टाका. एक्सपीच्या यादीत ॲपल लेझररायटर असतात, विंडोज ७ आणि १० मध्ये जेनेरिकखाली एमएस पब्लिशर इमेजसेटर. विंडोज पोस्टस्क्रिप्ट पाठवतं आणि कप्स ते खऱ्या प्रिंटरच्या भाषेत बदलून देतं, मग तो प्रिंटर विंडोजला कधी माहीतही नसला तरी चालतं. ड्रायव्हर शोधत बसणं संपलं. देवनागरी मजकूर छापताना चौकोन आले तर त्या ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ट्रूटाइप फाँट प्रिंटरच्या फाँटने बदलण्याऐवजी डाउनलोड करून पाठवायला सांगा. फक्त कप्सची ती क्यू रॉ केलेली नसावी, रॉ क्यू काहीच बदलत नाही, जसं आलं तसं पुढे ढकलते.

आता दुसरा आजार, कागद येतोय पण कचरा छापून. कचरा फेकू नका, पहिली ओळ वाचा, तिथे उत्तर लिहिलेलं असतं. टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस-अडोबी असं दिसलं तर तुम्ही पोस्टस्क्रिप्ट पाठवलंय आणि प्रिंटरला ते येत नाही, पीसीएलचा (प्रिंटरची दुसरी एक भाषा) ड्रायव्हर घ्या किंवा मधे कप्स ठेवा. -१२३४५एक्स आणि ॲट पीजेएल अशा ओळी दिसल्या तर प्रिंटरला पीजेएल (जॉबबद्दल सूचना द्यायची भाषा) कळत नाही, किंवा मधल्या कोणीतरी जॉबला साधा टेक्स्ट समजून तिचं डोकं उडवलंय. छोट्या अक्षरात पीसीएल एक्सएल एरर आणि खाली सबसिस्टिम कर्नल असं एकच पान आलं तर पीसीएल६ काढून पीसीएल५ई ड्रायव्हर लावा. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत गेल्यात तर भाषा बरोबर आहे, फक्त युनिक्सचा टेक्स्ट आहे ज्यात ओळीच्या शेवटी नुसतं लाइन फीड (खालच्या ओळीवर जा) असतं आणि कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला ये) नसतो, प्रिंटरच्या मेनूत ऑटो सीआर असेल तर चालू करा. आणि प्रत्येक पानावर एखादंच विचित्र अक्षर येत पानं धडाधड बाहेर पडायला लागली तर आधी ट्रे ओढून काढा, मग कॉम्प्युटरवरून जॉब डिलीट करा, मगच प्रिंटर बंद करा. उलट केलंत तर प्रिंटर चालू झाल्या झाल्या विंडोज तीच जॉब परत पाठवतं.

स्वस्तातले होस्ट बेस्ड लेझर प्रिंटर हा वेगळाच प्रकार. त्यांना ना पोस्टस्क्रिप्ट येतं ना पीसीएल, पान तयार करायचं सगळं काम कॉम्प्युटरचा ड्रायव्हर करतो. एचपी लेझरजेट १०२० ला तर चालू केल्यावर दरवेळी फर्मवेअरही कॉम्प्युटरकडूनच लागतं. असा प्रिंटर नुसत्या प्रिंट सर्व्हर डब्याला लावला की बऱ्याचदा चालत नाही, त्याला ज्याच्याकडे ड्रायव्हर आहे असा कॉम्प्युटरच मालक म्हणून लागतो.

कधी कधी डेटा पोचलाय, भाषाही कळलीय आणि तरी प्रिंटर गप्प. पॅनेलवर बघा. ड्रायव्हरमध्ये कागद लेटर (अमेरिकन साइझ) आणि ट्रेमध्ये ए४ असेल तर प्रिंटर लेटरची वाट बघत बसतो, जुन्या लेझरजेटवर तेव्हा पीसी लोड लेटर, म्हणजे ट्रेमध्ये लेटर कागद घाला असं येतं. कॉम्प्युटरवर मात्र जॉब गेली असंच दिसतं. जुन्या मशीनवर डिफॉल्ट लेटर असणं फार कॉमन आहे, ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये आणि वर्ड वगैरेच्या पेज सेटअपमध्ये, दोन्हीकडे बदला. अर्धंच पान आलं आणि २० किंवा २१ नंबरचा एरर असेल तर मेमरी पुरली नाही किंवा पान फार किचकट आहे, ड्रायव्हरमध्ये रिझोल्यूशन ३०० डीपीआयवर आणा.

विंडोजमध्ये जॉब डिलीटिंग म्हणत तशीच लोंबकळत राहिली तर कमांड विंडोत नेट स्टॉप स्पूलर, मग सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आतलं प्रिंटर्स फोल्डर रिकामं करा, फोल्डर नाही, फक्त आतल्या फायली, मग नेट स्टार्ट स्पूलर. लिनक्स-मॅकवर एखादी जॉब फसली की कप्स अख्खी क्यूच थांबवून ठेवतं आणि नंतरच्या सगळ्या जॉब मागे साचत जातात, त्यामुळे नुसती जॉब काढून भागत नाही, क्यू परत रिझ्यूम करावी लागते.

प्रिंटरचं सेटिंगचं वेबपेज नव्या ब्राउझरमध्ये उघडत नसेल तर प्रिंटर बिघडलाय असं नाही, त्याचं एनक्रिप्शन इतकं जुनं आहे की नवा ब्राउझर नाही म्हणतो, तेच पान एक्सपीवर आरामात उघडतं. पण त्या एक्सपीला इंटरनेट मात्र देऊ नका, राउटरमध्ये त्याचा बाहेरचा रस्ता बंद करा, घरातल्या घरात प्रिंट तरीही होते. ९१०० आणि ६३१ ही पोर्टं राउटरवरून बाहेर फॉरवर्ड करायची नाहीत, जगातला कोणीही तुमच्या कागदावर छापू शकेल.

राहिला डॉसचा प्रोग्रॅम, जुने हिशोबाचे वगैरे असतात ते. त्यांना फक्त एलपीटी१, म्हणजे कॉम्प्युटरचा जुना प्रिंटर पोर्ट माहीत असतो. नेट यूज एलपीटी१ कोलन आणि पुढे शेअरचा पत्ता दिला की तो एलपीटी१ नेटवर्कवर वळतो, शेवटी पर्सिस्टंट येस जोडलं तर रीस्टार्टनंतरही राहतो. डॉट मॅट्रिक्सवर लगेच छापतं. लेझरवर मात्र पान आत जाऊन बसतं, डेटाचा दिवा लागलेला राहतो आणि कागद बाहेर येत नाही, कारण प्रोग्रॅमने शेवटी फॉर्म फीड (पान बाहेर काढ असा कोड) पाठवलेलाच नसतो. पॅनेलवरचं गो किंवा फॉर्म फीडचं बटण दाबा, पान येईल, आणि प्रोग्रॅमच्या प्रिंटर सेटअपमध्ये शेवटचा कोड टाकायची जागा असेल तर तिथे १२ टाका, मग दरवेळी उठून जावं लागणार नाही.